दुसऱ्या दिवसाचा ताप आणि एकोणिसाव्या दिवसाचा ताप

निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, वय ४६, माळकरी. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जाऊन आले. घरी परतल्यावर चार दिवसांनी, रात्रीच्या जेवणानंतर तासाभरात, पोटाच्या वरच्या भागात कळ उठली आणि थेट पाठीत गेली. आडवं झालं की वाढायची, उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसलं की जरा सोसवायची. रात्रभर उलट्या. घरात ओवा झाला, सोडा झाला, पित्ताची गोळी झाली.

सकाळी तालुक्याच्या एका खासगी रुग्णालयात रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाचा पाचकरस) मर्यादेच्या बारापट निघालं आणि सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे दिसले. स्वादुपिंडाला सूज, हे निदान बरोबर झालं आणि वेळेत झालं, हे आधी सांगतो. मग पहिल्या २४ तासांत जवळपास ७ लिटर सलाईन गेलं, आणि १०१ ताप आला म्हणून मेरोपेनेम हे भारी प्रतिजैविक सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर लघवी जवळजवळ थांबली, धाप लागली. महामार्गाने ओझर, आडगाव करत अ‍ॅम्ब्युलन्स संध्याकाळी आमच्याकडे नाशिकला पोचली.

आयसीयूच्या दारात त्यांच्या पत्नीचं पहिलं वाक्य होतं, "दारूचं विचारू नका डॉक्टरसाहेब, गळ्यात माळ आहे त्यांच्या." वाटेत तीन जणांनी तेच विचारलं होतं. स्वादुपिंडाला सूज म्हटली की दारू, असा समज गावातच नाही, आमच्यातही आहे. पण पित्ताशयातला खडा हे तितकंच मोठं कारण आहे. बारीक खडा पित्तनलिकेतून खाली सरकतो आणि स्वादुपिंडाची नळी जिथे तिला येऊन मिळते तिथे अडतो. मग अन्न पचवण्यासाठी तयार झालेले पाचकरस आतल्या आतच जागे होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. त्या बाईंना हे कागदावर चित्र काढून दाखवलं, तेव्हा कुठे त्या खुर्चीत बसल्या.

आत रुग्णाची स्थिती अशी होती. श्वास मिनिटाला ३४, मास्कवर ऑक्सिजन ८८ टक्के, नाडी १२८, रक्तदाब १००/६०, ताप १०१.८. पांढऱ्या पेशी १९ हजार, क्रिएटिनिन २.३ (मूत्रपिंडं थकल्याची खूण), सीआरपी २८० (सुजेची खूण). हे आकडे नाव न सांगता कुठल्याही डॉक्टरला दाखवा, तो सेप्सिस, म्हणजे संसर्ग अंगभर भिनलाय, असं म्हणेल आणि हात प्रतिजैविकाकडे जाईल. तालुक्याच्या डॉक्टरांचाही तसाच गेला. मला त्यांचा राग नाही. ताप असलेला माणूस समोर असताना काहीतरी भारी सुरू केल्याचं समाधान काय असतं, ते मीही अनुभवलं आहे. तरीही मला वाटतं की या आजारातली सगळ्यात महाग चूक याच क्षणी होते.

कारण दुसऱ्या दिवसाचा ताप बहुतेक वेळा जंतूंचा नसतो. स्वतःच्या रसाने जळालेल्या पेशी फुटतात, त्यांच्यातला ऐवज रक्तात उतरतो, आणि शरीराची संरक्षणव्यवस्था त्या मोडतोडीलाच शत्रूचा हल्ला समजते. ताप, धाप, पांढऱ्या पेशी, गळणाऱ्या रक्तवाहिन्या, बंद पडलेली मूत्रपिंडं, सगळं सेप्सिससारखंच दिसतं आणि जंतू मात्र एकही नसतो. त्या वेळी दिलेल्या प्रतिजैविकाने पुढचा संसर्ग टळतो का, हे नीट तपासून झालं आहे. २००४ मध्ये जर्मनीत सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडॅझोल देऊन, आणि २००७ मध्ये युरोप-अमेरिकेत मेरोपेनेम देऊन. दोन्ही वेळा औषध मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत संसर्गाच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. तोट्याची बाजू मात्र खरी आहे. आतड्यातले साधे जंतू मरतात, चिवट उरतात, बुरशीला जागा होते. खरा संसर्ग येतो तेव्हा तो या उरलेल्या चिवटांचाच असण्याची भीती असते.

म्हणून आम्ही जंतू उगवतात का हे पाहायला रक्ताची दोन कल्चर पाठवली, छातीचा एक्स-रे पाहिला, लघवी तपासली. कावीळ नव्हती, पित्तनलिका फुगलेली नव्हती, म्हणजे पित्तमार्गात पू असण्याची शक्यता कमी. दुर्बिणीने नलिका मोकळी करण्याची घाई करावी असं काही दिसत नव्हतं. जंतुसंसर्गात चढणारं प्रोकॅल्सिटोनिन ०.८ होतं. अठ्ठेचाळीस तासांत कल्चरमध्ये काही उगवलं नाही. चौथ्या दिवशी मेरोपेनेम बंद केलं, ताप १०१ असताना.

त्या संध्याकाळी धाकटे भाऊ केबिनमध्ये आले. बसले नाहीत. "डॉक्टर, ताप हाये तरी औषध बंद? पैशाचं काही असंल तर आत्ता सांगा, आम्ही बघतो." मी त्यांना म्हटलं, "भाऊ, बागेत डाऊनीची बुरशी नसताना डाऊनीचं औषध मारत राहिलात आणि पुढे खरी डाऊनी आली, तर तेच औषध लागू पडेल का?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही पडत." पटलं असं म्हणणार नाही, पण त्यांनी विश्वास टाकला. रात्री मला झोप लागली नाही हेही खरं आहे. औषध सुरू करायला एक सही पुरते, बंद केल्यावर मात्र दर चार तासांनी जाऊन रुग्ण बघावा लागतो.

सलाईनबद्दल थोडं. या आजारात पाणी लागतं, आणि पूर्वी भरपूर द्या असंच शिकवत. २०२२ मध्ये वॉटरफॉल नावाच्या अभ्यासात जोरदार सलाईन आणि मोजकं सलाईन यांची तुलना झाली. जोरदार गटात २०.५ टक्के लोकांना पाणी जास्त झालं, मोजक्या गटात ६.३ टक्क्यांना, आणि फायदा दिसला नाही म्हणून अभ्यास मध्येच थांबवला. आमच्या रुग्णाचं पोट ढोलासारखं ताणलं होतं. मूत्राशयातून मोजलेला पोटातला दाब १८ होता, म्हणजे मूत्रपिंडांकडे जाणारं रक्तच अडत होतं. आम्ही रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या प्रकारच्या सलाईनवर आलो आणि मिलिलिटर मोजून दिलं. तरी तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर लावावा लागला. फुप्फुस आणि मूत्रपिंड दोन्ही ४८ तासांनंतरही निकामीच होती, म्हणजे २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणात हा तीव्र गट.

तिसऱ्याच दिवशी नाकातून लहान आतड्यात नळी टाकून तासाला २० मिली पातळ आहार सुरू केला. त्यांच्या आईंना हे अजिबात रुचलं नाही. "पोटाला विसावा द्यायचा का त्यात अन्न ढकलायचं?" विसाव्याची कल्पना आमच्या पुस्तकांतही बरीच वर्षं होती. पण उपाशी आतड्याचं अस्तर झिजतं, आणि झिजलेल्या अस्तरातून आतल्या जंतूंना बाहेरची वाट मिळते. लसिकावाहिन्यांतून, रक्तातून ते नेमके त्या मेलेल्या स्वादुपिंडाकडे पोचतात. आतड्याला थोडं थोडं अन्न देत राहणं म्हणजे कुंपण शाबूत ठेवणं. मग आईंनीच विचारलं, ताक चालेल का नळीतून, त्यात चांगले जंतू असतात म्हणे. ताकाचा अभ्यास माझ्या पाहण्यात नाही, पण चांगल्या जंतूंच्या भुकटीचा नेदरलँड्समध्ये केला. २००८ साली निकाल आला तेव्हा भुकटी घेतलेल्यांत १६ टक्के दगावले होते, न घेतलेल्यांत ६ टक्के. इतक्या आजारी आतड्याला कुठलाच जंतू द्यायचा नाही, हे तेव्हापासून ठरलं. आईंना एवढंच सांगितलं की ताक घरी गेल्यावर.

सहाव्या दिवशी लघवी मोकळी झाली. सातव्या दिवशी क्रिएटिनिन १.४ वर आल्यावर सीटी केला. स्वादुपिंडाचा निम्म्याहून अधिक भाग रंगद्रव्य घेत नव्हता, म्हणजे मेला होता, आणि डावीकडे मूत्रपिंडापुढून खाली उतरणारा मेलेल्या ऊतीचा व द्रवाचा साठा होता. नवव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला. बाराव्या दिवशी वॉर्डात गेले, ताप उतरला, मुगाची खिचडी चार चमचे खाल्ली. घरचे म्हणाले, आता सुट्टी कधी.

मी त्यांना त्या दिवशी सांगितलं की धोक्याचा पहिला डोंगर उतरलो आहोत, दुसरा अजून पुढे आहे. मेलेल्या ऊतीत जंतू शिरण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याचा. मेलेला भाग ज्यांना असतो त्यांच्यापैकी ढोबळमानाने तिघांतल्या एकाला हे होतं. पहिल्या वणव्यात लढून शरीराची संरक्षणव्यवस्था थकलेली असते. आणि मेलेल्या भागात रक्तच वाहत नाही, त्यामुळे तिथे पांढऱ्या पेशी पोचत नाहीत आणि शिरेतून दिलेलं औषधही धड पोचत नाही. जंतूंना उबदार, पौष्टिक आणि पहारा नसलेली जागा मिळते.

सतराव्या दिवशी संध्याकाळी राउंडला वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "सर, दादांनी आज भाव विचारला नाही." हंगाम चालू होता, रोज सकाळी ते प्रत्येक येणाऱ्याला पिंपळगावला आज द्राक्षाचा काय भाव निघाला ते विचारायचे. त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडले होते. ताप ९९.४. रक्तदाब ठीक. नाडी मात्र सकाळच्या ९४ वरून ११२. साखर तेवढ्याच इन्सुलिनवर १६० ची २९० झालेली. प्लेटलेट चार दिवसांत ३ लाख १० हजारांवरून १ लाख ४० हजारांवर उतरलेल्या.

इथे मी चुकलो. मानेतल्या शिरेची नळी बारा दिवसांपूर्वीची होती. मी दोष तिच्यावर टाकला, ती काढली, तिचं टोक आणि रक्त कल्चरला पाठवलं आणि उद्या बघू म्हटलं. अठराव्या दिवशी थोडं बरं वाटलं म्हणून तोही दिवस तसाच गेला. ताप नाही, पोट फारसं दुखत नाही, या दोन गोष्टींनी मी स्वतःची समजूत घातली. पण सतराव्या दिवशी साखर, नाडी, प्लेटलेट आणि एक गप्प झालेला माणूस हे चारही एकत्र समोर होते. सीटी त्याच रात्री व्हायला हवा होता. पहिल्या आठवड्यात मी तापाला घाबरलो नाही ते बरोबर होतं. तिसऱ्या आठवड्यात ताप नसल्यावर विसंबलो.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे चारला हुडहुडी भरली. १०३ ताप, रक्तदाब ७८/४६. गुडघ्यांवर निळसर जाळी उमटली होती. नखावर पाच सेकंद दाबून सोडलं तर रंग परतायला पुन्हा पाच सेकंद. लॅक्टेट (ऊतींना रक्त अपुरं पडल्याची खूण) ४.८, प्रोकॅल्सिटोनिन ११. आणि ते सारखे म्हणत होते, "क्रेट मोजा, क्रेट मोजून घ्या." पत्नी शेजारी उभ्या राहून "मोजले हो, सगळे मोजले" म्हणत होत्या.

कल्चर घेऊन चाळीस मिनिटांच्या आत मेरोपेनेम शिरेत गेलं. आधी तीन दिवस तेच मिळालेलं, आपल्याकडे क्लेब्सिएलासारखे जंतू कार्बापेनेम गटाला (मेरोपेनेम त्यातलंच) दाद न देण्याचं प्रमाण मोठं, त्यामुळे निवड करताना हात थांबला होता. पण मेलेल्या स्वादुपिंडात बऱ्यापैकी उतरणाऱ्या औषधांत ते आहे. जोडीला कोलिस्टिन, चिवट जंतूंसाठी राखलेलं पण मूत्रपिंडांना जड औषध, लगेच लावायचं की कल्चरची वाट पाहायची, यावर आम्ही दोघा डॉक्टरांनी दहा मिनिटं वाद घातला, आणि माणूस शॉकमध्ये असताना वाट पाहायची नाही असं ठरवून लावलं. नॉरअ‍ॅड्रेनालिन सुरू, त्या औषधाने सरासरी रक्तदाब ६५ च्या वर धरायचा, सलाईन पुन्हा मोजूनच.

सकाळी सातला सीटी. डावीकडच्या साठ्यात काळे बुडबुडे होते, ताकावर फेस यावा तसे, एकाला एक लागून. मेलेल्या ऊतीत हवा म्हणजे हवा तयार करणारे जंतू, किंवा आतड्याला छिद्र. आतडं शाबूत होतं. सुई घालून पाणी तपासायची आता गरज उरली नव्हती.

मग प्रश्न आला, पू आहे तर काढायचा कधी? सर्जनच्या मनाची पहिली उडी पोट उघडण्याकडे असते, आणि पूर्वी तसंच करत. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या ८८ रुग्णांवरच्या पँटर अभ्यासाने ते बदललं. आधी कातडीतून नळी, मग गरज पडली तर लहान छेदातून सफाई, असा पायरीपायरीने जाणारा गट एकीकडे आणि थेट पोट उघडलेला गट दुसरीकडे. मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत पायरीच्या गटात ४० टक्के, दुसऱ्या गटात ६९. आणि पायरीच्या गटातल्या ३५ टक्के लोकांना नळीच पुरली, कापाकापी लागलीच नाही. नळीसुद्धा शक्यतो चार आठवडे होईपर्यंत टाळावी, तोवर साठ्याभोवती भिंत धरते. २०२१ च्या पॉइंटर अभ्यासात नळी लांबवलेल्या गटातले ३९ टक्के तर नुसत्या प्रतिजैविकांवर निभावले.

हे सगळं डोक्यात होतं, म्हणून पहिला दिवस औषधांना दिला. विसाव्या दिवशी दुपारी, छत्तीस तासांनंतर, नॉरअ‍ॅड्रेनालिनचा डोस कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला होता आणि लघवी पुन्हा आटत चालली होती. तो एकोणचाळीस टक्क्यांतला माणूस नव्हता. सीटीच्या टेबलावर, डाव्या कुशीतून, पोटाच्या पोकळीला आणि आतड्याला न शिवता मागच्या बाजूने, १४ फ्रेंचची (जेमतेम पाच मिलिमीटर जाड) पिगटेल, म्हणजे टोकाला वेटोळं असलेली नळी साठ्यात घातली. कुशीची वाट मुद्दाम निवडली. पुढे सफाई लागलीच तर त्याच वाटेने आत जाता येतं. पहिल्या झटक्यात ३५० मिली आलं, करडं-तपकिरी, गाळ बसलेल्या पाण्यासारखं, आणि खोली भरून जाईल असा वास. बावीसाव्या दिवशी नॉरअ‍ॅड्रेनालिन बंद झालं.

साठ्यातून आणि रक्तातून क्लेब्सिएला न्यूमोनिए निघाला. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सिप्रोफ्लॉक्सासिन, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम तिन्हींना दाद न देणारा, पण मेरोपेनेमला देणारा. कोलिस्टिन त्याच दिवशी थांबवलं, मूत्रपिंडं वाचवायची होती. चौथ्या दिवशी आम्ही मेरोपेनेम थांबवलं म्हणून ते एकोणिसाव्या दिवशी लागू पडलं, असा दावा मी करणार नाही. एका रुग्णावरून असं काही सिद्ध होत नाही. पण ते तीन आठवडे सलग चालू असतं तर मी त्या पहाटे कुठलं औषध उचललं असतं, याचं उत्तर मला सुचत नाही.

यापुढची लढाई औषधांपेक्षा नळीची होती, आणि ती सिस्टरांनी लढली. दर आठ तासांनी २० मिली सलाईन हळू आत, तेवढंच किंवा जास्त परत बाहेर. पंचविसाव्या दिवशी त्यातल्या एकींनी सांगितलं की पिचकारीचा दट्ट्या अंगठ्याला जड लागतोय. पिशवीत तर द्रव येत होता. मी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी बघू म्हटलं नाही, एवढं तोवर शिकलो होतो. मेलेल्या ऊतीचा तुकडा नळीत अडकला होता. त्याच वाटेने २० फ्रेंचची नळी बदलली, त्या रात्री चढू लागलेला ताप सकाळी उतरला. पिशवीतल्या पाण्याच्या कल्चरमध्ये पुढे एन्टेरोकॉकस हा दुसरा जंतू उगवला. रुग्ण जेवत होता, नाडी ८८, प्रोकॅल्सिटोनिन उतरतं. जुन्या नळीत जंतू राहायला येतातच, त्यामुळे अहवालाला औषध दिलं नाही. नळी टाकल्यापासून चौदा दिवसांनी मेरोपेनेमही थांबवलं.

पाचव्या आठवड्यात मात्र सुधारणा थांबली. वजन उतरत होतं, संध्याकाळी कणकण. सीटीत भिंत छान धरली होती, पण आत घट्ट मेलेली ऊती शिल्लक होती जी कुठल्याच नळीतून येणारी नव्हती. सदतिसाव्या दिवशी नळीच्या वाटेने कुशीत पाच सेंटिमीटरचा छेद घेऊन, दुर्बीण आत घालून सफाई केली. जठरातून दुर्बिणीने जायचा पर्यायही चांगला आहे. इथे साठा मूत्रपिंडापुढून खाली खोल उतरला होता म्हणून कुशीची वाट. सर्जननी चिमट्याला जे सहज सुटून आलं तेवढंच काढलं. चिकटलेलं ओढायचं नाही, कारण त्याच्या मागे प्लीहेच्या रक्तवाहिन्या असतात. सगळं स्वच्छ करायचा मोह आवरणं हे त्या शस्त्रक्रियेतलं खरं कौशल्य आहे.

चोपन्नाव्या दिवशी नळीसकट घरी गेले. पत्नी आणि भाऊ दोघांनाही नळी धुवायला शिकवलं, आणि पिशवीत अचानक लाल रक्त दिसलं तर फोन नंतर, गाडी आधी, हे दोनदा म्हणवून घेतलं. नळीतून स्वादुपिंडाचा रस आणखी सात आठवडे येत राहिला, रोज थोडा कमी होत, मग आपोआप आटला. बाग त्या वर्षी चुलतभावांनी उतरवून दिली.

साठा आक्रसल्यावर, साडेतीन महिन्यांनी, दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. तिळाएवढे खडे होते, मोजायला गेलं तर शंभराच्या वर. आता रोज १४ युनिट इन्सुलिन लागतं, जेवणाबरोबर पाचकरसाच्या कॅप्सूल घेतात, नाहीतर शौच तेलकट होते. मागच्या सीटीत डावीकडे तीन सेंटिमीटरचा साठा अजून आहे. त्रास नाही, ताप नाही, त्याला हात लावलेला नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलं आहे, ऑक्टोबर छाटणी उरकल्यावर.